घरात काय आहे?

मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत भातासाठी तांदूळ मोजून झाले की चुलीवर चढवण्याआधी त्यातलीच एक मूठ बाजूच्या भांड्यात पडते. ती मूठ देवाची. मिझो भाषेत या प्रथेला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. मिझो प्रेस्बिटेरियन मंडळीत ती १९१० साली सुरू झाली आणि सुरुवातीपासून ती बायकांनी सांभाळली. त्या काळी डोंगरातल्या घरांत रोख पैसा जवळजवळ नसायचाच. बाईच्या हातात तर नाहीच. तिच्या हातून रोज जायचा तो तांदूळ, आणि तिने तोच दिला. साठलेला तांदूळ मंडळीतल्या बायका घरोघर फिरून गोळा करतात, तो विकला जातो आणि त्या पैशावर सुवार्तिकांचा आणि सेवाकार्याचा खर्च चालतो. प्रथा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, त्या डोंगरांत ‘माउताम’ आला. बांबू फुलला, त्याच्या बियांवर उंदीर माजले, मग त्यांनी शेतं फस्त केली आणि दुष्काळ पडला. मूठ बंद करायला याहून सबळ कारण कोणतं हवं होतं? तरी प्रथा टिकली. शंभर वर्षं उलटून गेली, अजून चालू आहे.

या प्रथेतली मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. मूठ निघते ती शिजवण्याआधी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं द्यायचं, असा तो हिशेब नाही. आपण बहुतेक जण मात्र उरण्याची वाट पाहत बसतो. कर्ज फिटलं की, मुलांची शिक्षणं झाली की, निवृत्त झालो की प्रभूसाठी काहीतरी करू, असं मनापासून म्हणतो, आणि त्यात खोटेपणाही नसतो. फक्त तो दिवस येत नाही, कारण संसारात उरत काहीच नाही. पैसा उरत नाही, वेळ उरत नाही, ताकद तर मुळीच उरत नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा आहे. नवरा संदेष्ट्यांच्या मंडळातला, देवभीरू, पण कर्ज मागे ठेवून गेलेला. सावकार दोन्ही मुलांना दास म्हणून न्यायला दारात उभा आहे. ती अलीशाकडे आक्रोश करत येते, तेव्हा तो तिला विचारतो, घरात काय आहे ते सांग. तिचं पहिलं उत्तर, काही नाही. मग जरा थांबून, म्हणजे तेलाची एक लहानशी कुपी आहे तेवढी. देवाने त्या घरात बाहेरून सोन्याची थैली पाठवली नाही. जी कुपी तिच्या हिशेबात धरण्याजोगीही नव्हती, तिच्यातूनच तेल वाहत राहिलं. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली भांडी संपली तेव्हाच ते थांबलं.

‘काही नाही’ हे उत्तर आपल्या मंडळ्यांत फार ऐकू येतं. आम्ही काय सेवा करणार, आम्हाला बोलता येत नाही, आमचं शिक्षण नाही, आमची परिस्थिती नाही. दुसऱ्या बाजूला साक्ष द्यायची वेळ आली की आशीर्वादांची यादी लांबच लांब होते. मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन सुखरूप झालं, घराचं काम पूर्ण झालं, व्हिसा मिळाला. देवाचे आभार मानायलाच हवेत, मोकळ्या मनाने आणि चारचौघांत मानायला हवेत. पण साक्ष तिथेच संपते, याची मला खंत वाटते. अब्राहामाला देवाने बोलावलं तेव्हा आशीर्वादाच्या वचनातच पुढची अर्धी गोष्ट सांगून टाकली होती: तुला देतो ते तुझ्यामार्फत इतरांपर्यंत जाण्यासाठी. नोकरी लागली, मग पहिल्या पगारात कोणाच्या फीचा वाटा होता? ऑपरेशन सुखरूप झालं, मग त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एकटा पडलेला होता त्याची चौकशी कोणी केली? असं विचारणं कठोर वाटेल. मला ते आभारप्रार्थनेचंच दुसरं कडवं वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचं सर्वांत मोठं उदाहरण केडगावला आहे. पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की विद्वत्ता आठवते, कोलकात्याच्या पंडितांनी दिलेल्या पदव्या आठवतात, इंग्लंड-अमेरिकेचे प्रवास आठवतात. त्यांच्याजवळ आणखी एक गोष्ट होती, जिला कोणी आशीर्वाद म्हणणार नाही. ती म्हणजे भूक. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. रानातली पानं खाऊन दिवस काढावे लागले. भाऊ आणि त्या अशी दोघं जण देशभर पायी फिरली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले आणि पदरात लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. त्या सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून केडगावला जमीन घेतली. फळबाग करायची, उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा विचार होता.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने सांगाडा झालेल्या मुली, त्यांना फसवून पळवणारे लोक, मदतकेंद्रांवरचे हाल, हे सगळं त्यांनी पाहिलं. पाहणारे इतरही होते. पण अन्नाशिवाय दिवस कसा जातो हे रमाबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आपल्याबरोबर आणल्या, आणि फळबागेसाठी घेतलेल्या त्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी तिथे आल्या. केडगावात त्यांना नुसतं जेवण आणि निवारा मिळाला नाही. वाचायला शिकवलं, विणकाम शिकवलं, गोठा, शेती, छापखाना चालवायला शिकवलं. अंध मुलींसाठी ब्रेल आलं. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत, आणि त्याचे खिळे जुळवायला, पानं छापायला मुक्तीतल्याच मुली बसल्या. ज्यांना काही वर्षांपूर्वी कोणी भाकरी देत नव्हतं, त्यांच्या हातून गावोगावी वचन जायचं होतं.

पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आरंभीच सांगितलं आहे की आपल्या संकटात देव आपलं सांत्वन करतो ते अशासाठी, की तेच सांत्वन आपण इतर संकटात सापडलेल्यांना द्यावं. रमाबाईंचं आयुष्य हा त्या वचनाचा अर्थ आहे असं मला वाटतं. आशीर्वाद म्हणजे केवळ सुखाच्या गोष्टी, असं आपण धरून चालतो. पण ज्या दुःखातून प्रभूने आपल्याला हात धरून बाहेर काढलं, ते दुःखही आता आपल्याजवळची ठेव आहे. जिने कॅन्सरची केमोथेरपी सोसली आहे, ती नव्याने आजार कळलेल्या बाईजवळ नुसती जाऊन बसली तरी पुष्कळ होतं. ज्याची दारू सुटली आहे, त्याच्या तोंडून निघालेलं एक वाक्य पाळकांच्या दहा उपदेशांहून खोल जातं. मूल गमावलेल्या आईला काय बोलू नये, हे दुसऱ्या तशाच आईला ठाऊक असतं. हे द्यायला पैसा लागत नाही. पण जखम झाकून ठेवायची सवय मोडावी लागते, आणि ते पैसे देण्यापेक्षा अवघड आहे.

उत्तेजन देणं हे सेवेचं सर्वांत स्वस्त रूप, आणि आपण त्यातच सर्वांत जास्त कंजूष. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र वाचताना मला दर वेळी एका ओळीशी थांबावं लागतं. पौल रोममध्ये बंदिवान आहे, शेवट जवळ आला आहे हे त्याला कळलेलं आहे, पुष्कळ जण सोडून गेले आहेत. विश्वासाविषयी, मुकुटाविषयी तो लिहितो, आणि त्याच पत्रात हेही लिहितो, की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच. शक्य तर हिवाळ्याआधी ये. एवढा मोठा प्रेषित, आणि त्याला थंडी वाजते आहे. त्याच पत्रात अनेसिफराचं नाव येतं. इफिसहून आलेला हा माणूस रोममध्ये पौलाला शोधत फिरला, सापडेपर्यंत फिरला, आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. अनेसिफराने कुठे उपदेश केल्याचं, कुठली मंडळी स्थापल्याचं पत्रात येत नाही. तो येऊन भेटत असे, पौलाला हुशारी येत असे, एवढंच येतं. आणि एवढ्यासाठी पौल त्याच्या सगळ्या घराण्यावर प्रभूची दया मागतो.

आपल्यालाही आज कुणाचा तरी झगा पोचवायचा आहे. मिशन हॉस्पिटलात किंवा सरकारी दवाखान्यात खेड्यातून आलेले नातेवाईक केसपेपरच्या रांगेत भांबावून उभे असतात. कोणती खिडकी, कोणता मजला, कोणता कागद, हे त्यांना सांगणारं माणूस पाहिजे. मंडळीतल्या एखाद्या परिचारिकेला किंवा कारकुनाला ते रोजचंच आहे, डोळे मिटून सांगता येण्यासारखं. नोव्हेंबर आला की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता मोबाईलवरूनही देता येतो, पण मोबाईल चालवणारा नातू पुण्यात किंवा दुबईत असतो. तरुण संघातल्या मुलांच्या हातात तोच मोबाईल दिवसभर असतो. ज्याच्याकडे स्कूटर आहे त्याने रविवारी उपासनेला येताना वाटेवरच्या आजींना घेऊन यावं. ज्या घरी स्वयंपाक होतोच, त्या घरून बाळंतिणीकडे चार दिवस डबा जावा. ज्याचा आवाज चांगला आहे त्याने वेदीजवळ गावंच, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीतही दोन गीतं गाऊन यावं. या गोष्टी समितीच्या ठरावाने होत नाहीत, आणि त्यांची नोंद वार्षिक अहवालातही येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. घेणाऱ्याची मान खाली जाईल अशा रीतीने दिलेलं दान प्रभूच्या नावाला शोभत नाही. पिशवी देताना फोटो काढणं, नंतर चार ठिकाणी सांगणं, मदत केली म्हणून उपासनेला येण्याची अट घालणं, हे मी मंडळ्यांतून होताना पाहिलं आहे, आणि त्याने दिलेल्याची चव जाते. आपल्याजवळ आहे ते आपण मिळवलेलं नसून आपल्याला मिळालेलं आहे, हे ध्यानात राहिलं तर देण्यात ताठा येत नाही. मालकाच्या कोठारातलं धान्य मालकाच्याच मुलाला मोजून द्यायचं, त्यात कोठीवाल्याने मिरवण्यासारखं काय आहे? आणि घेतानाही तेच. आजारपणात शेजारीण भाजी करून घेऊन आली, तर ‘कशाला उगाच’ म्हणत परत पाठवू नका. तिच्या घरातली तेलाची कुपी ती आणत असेल. ती तिला ओतू द्या.

आज सकाळच्या प्रार्थनेत ज्या एका माणसाचं नाव तुम्ही घेतलंत, त्याला दुपारपर्यंत फोन करा. जवळ राहत असेल तर फोन नको, जाऊनच या. जाताना घरात आहे ते काहीतरी हातात घ्या, बसायला वेळ काढून जा, आणि आल्याबरोबर त्याला उपदेश करू नका. आधी त्याला बोलू द्या.