वादकाचा वाटा

(शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३ आणि नहेम्या १३:१०-१३)



दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुग्राम मागे पडले की मानेसर लागते. भोवती अरवलीच्या बोडक्या टेकड्या आणि मध्ये मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने. भाषांतराच्या एका बैठकीनिमित्त दिल्लीस गेलो असता गेल्या हिवाळ्यात मी तेथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाकडे दोन दिवस राहिलो. गृहस्थ मूळचे नगर जिल्ह्यातले. आता अहिल्यानगर म्हणावयाचे, पण जिभेचे वळण लवकर जात नाही. अठरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेले आणि तेथेच स्थिरावले. रविवारी सायंकाळी त्यांच्या घरी आठ-दहा कुटुंबे उपासनेसाठी जमतात. गीतांना साथ करतो त्यांचा मुलगा. वय सतरा, शिकतो बारावीत, हाती गिटार.

उपासना आटोपून मंडळी गेल्यावर गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, बारावीनंतर याला डिप्लोमाला घालावं असं माझ्या मनात आहे. हा म्हणतो, गिटार वाजवीन आणि त्याच्यावरच जगेन. तुम्ही शास्त्र जाणता. जरा समजावा त्याला. रविवारी देवाची स्तुती करावी, त्याला माझी ना नाही. पण पोट भरायला हातात काही कसब नको का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. त्यांचा 'कसब' हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला होता.

जुन्या कराराच्या मूळ इब्रीत दोन शब्दांची एक जोडी आहे. 'चांगले वाजवणे' एवढाच तिचा साधा अर्थ. पछाडलेल्या शौल राजाने सेवकांना आज्ञा केली की चांगले वाजवणारा मनुष्य शोधून आणा, तेथे ही जोडी येते (१ शमु. १६:१७). ३३ व्या स्तोत्रात देवाच्या लोकांना नवे गीत गाण्यास व कुशलतेने वाजवण्यास सांगितले आहे, तेथेही हीच जोडी. यशयाच्या २३ व्या अध्यायात सोर नगरीला, लोकांनी विसरलेली वेश्या म्हणून, वीणा घेऊन गावभर फिरण्यास सांगितले आहे. तिलाही हेच दोन शब्द. आणि यहेज्केल ३३:३२ मध्ये संदेष्ट्याच्या वाणीकडे लोक कसे करमणूक म्हणून पाहतात ते सांगताना पुन्हा तेच. राजवाडा, मंदिर, बाजारातला रस्ता आणि श्रोत्यांची मैफल! वादनाच्या कसबासाठी पवित्र शास्त्राने देवाघरी एक शब्द आणि बाहेर दुसरा अशी वाटणी केलेली नाही. वादक कोठे उभा आहे व कोणासाठी वाजवतो, हा प्रश्न शास्त्र निराळा विचारते. चांगले वाजव, ही अपेक्षा मात्र सर्वत्र सारखीच.

याच अध्यायात दोनदा असे म्हटले आहे की वीणावादक 'आपल्या हाताने' वाजवतो. आमच्या बोलीतील पहिल्या खर्ड्यातून आम्ही हे शब्द गाळले होते. हाताने नाही तर कशाने वाजवणार, असा आमचा युक्तिवाद. मानेसरला त्या मुलाने मला आपल्या डाव्या हाताची बोटे दाखवली. चारही बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. पहिले काही महिने तारा रुततात, कातडी सोलते, मग ती निबर होते, तेव्हा कोठे स्वर स्वच्छ उमटतो. ती बोटे पाहिल्यावर गाळलेले शब्द परत आपल्या जागी घालण्याचे मी ठरवले.

'गिटार' हा शब्ददेखील आपल्या शास्त्राला परका नाही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तंतुवाद्याला 'किथारा' म्हटले आहे. तोच शब्द अरबी व स्पॅनिश भाषांतून प्रवास करीत 'गिटार' झाला. (वाद्य अर्थातच तेव्हा निराळे होते, आजच्यासारखी लांब मान त्याला नव्हती.) प्रकटीकरणाच्या १४ व्या अध्यायात स्वर्गीय गायनाला साथ आहे ती किथारा वाजवणाऱ्यांची. आणि दानिएलाच्या ३ ऱ्या अध्यायात, नबुखद्नेस्सराच्या सोन्याच्या मूर्तीपुढे लोकांना दंडवत घालावयास लावणाऱ्या वाद्यांच्या यादीतही, त्याच ग्रीक शब्दापासून अरामी भाषेत आलेले नाव आहे. वाद्य एकच. म्हणून त्या वडिलांची धास्ती मला पोकळ वाटली नाही. दाविदालाही राजवाड्यात भाकर मिळाली आणि त्याच राजवाड्यात तो वाजवीत असताना शौलाचा भाला त्याच्या अंगावर आला.

तेव्हा त्या पितापुत्रांना मी एका माणसाची हकिगत सांगितली. त्यांच्या दारावरून जाणारा रस्ता ज्या जयपुरास पोहोचतो, त्या जयपुराशी तिचा संबंध आहे.

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत गोवेकर आईबापांच्या पोटी झाला. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत संगीत कसे रुजले हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पोर्तुगीज काळापासून तेथील चर्चला जोडून शाळा असत. उपासनेत गाण्या-वाजवण्यासाठी मुलांना तेथे स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन धरावयास शिकवीत. गुरुजींचा धाक असा की आधी स्वर वाचता आले पाहिजेत, वाद्य मागाहून. पुढे हीच मुले पोटासाठी ब्रिटिश मुलखात उतरली. पलटणींचे बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, संस्थानिकांचे वाडे, मुंबईची हॉटेले आणि नंतर हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद या मुलांनी भरून काढले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या 'कूड' असत. गावच्या संताच्या वेदीपाशी सामुदायिक प्रार्थना करावयाची आणि रात्री हॉटेलात वाजवावयास जावयाचे, असा कित्येकांचा दिनक्रम.

त्यांपैकी एक आल्डोन्याचे आंतोनियु झेवियर वाझ. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक. मुलाने मेकॅनिक व्हावे अशी त्यांच्या आईची इच्छा होती. (हे सांगताच मानेसरच्या गृहस्थांनी मुलाकडे पाहिले आणि मुलाने छताकडे!) पुढे त्याच वाझ यांनी सी. रामचंद्रांना 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटासाठी साथ दिली. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, जन्म पुणतांब्याचा, म्हणजे या गृहस्थांच्याच जिल्ह्यातले.

तर अमान्सियो. जॅझच्या ध्वनिमुद्रिका ऐकत त्यांनी गिटारवर हात बसवला व तरुणपणीच वाजवून कमावू लागले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांचे वादन ऐकले आणि त्यांना एक गिब्सन गिटार घेऊन दिली. त्या काळी तसे वाद्य भारतातल्या वादकाला स्वतःच्या कमाईतून मिळणे कठीणच. १९६७ साली ते कुटुंबासह लंडनला गेले. तेथे १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो' या त्यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. पाश्चात्त्य जॅझच्या अंगात हिंदुस्थानी सुरांचे रक्त मिसळलेले, असे ते संगीत. नंतर 'कोकण डान्स' नावाची आणखी एक तबकडी त्यांनी केली. परंतु ती तेव्हा प्रसिद्धच झाली नाही. १९९६ साली अमान्सियो निवर्तले. 'कोकण डान्स' लोकांच्या कानी पडली ती २००६ मध्ये.

'हम दोनो'तील दुसरा कोण? सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. जमैका बेटावरचा हा मुलगा किंग्स्टन येथील आल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढला. सिस्टर्स ऑफ मर्सी या कॅथलिक भगिनींनी ती शाळा चालवली, आणि तिच्या बँडमधून जमैकाचे कितीतरी नामवंत वादक निघाले. एकाच्या मागे गोव्याच्या चर्चची परंपरा, दुसऱ्याला भगिनींनी वाद्य हाती दिलेले. दोघे भेटले लंडनमधल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. हॅरियट १९७३ साली वारला तेव्हा त्याच्यापाशी जवळजवळ काही नव्हते. त्याच्या वादनाची थोरवी जाणकारांनी मान्य केली खरी, पण त्याची भाकर कोणाच्याच खातेवहीत नव्हती.

वाचकहो, येथवर मी इतरांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीत होतो. उपासनेत एक तरुण गिटार वाजवीत असे. आठ वर्षे त्याने वाजवली. नाताळच्या पहाटे, लग्नांत, दफनविधीच्या वेळी. बोलावले आणि तो आला नाही असे घडले नाही. एरवी तो एका ऑर्केस्ट्रात वाजवीत असे. लग्नाच्या वराती, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, जेथे बिदागी मिळेल तेथे. काही सभासदांनी हरकत घेतली. शनिवारी रात्री मांडवात वाजणारी गिटार रविवारी सकाळी वेदीसमोर कशी, असा प्रश्न निघाला. ऑर्केस्ट्रा किंवा मंडळी, यांपैकी एक निवडावे असे त्याला लेखी कळवण्याचा ठराव झाला. माझी भाषा बरी म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी तो सफाईने लिहिला. प्रकाश आणि अंधार यांची संगत कशी होणार, असे एक वचनही त्यात घातले. पत्र मिळाल्यावर तो आला नाही. भांडावयासही आला नाही.

त्या आठ वर्षांत आम्ही त्याला एकदाही विचारले नव्हते की बाबा, तुझे कसे चालते? तारा तुटतात, त्या कोण आणून देतो? पत्र लिहिताना ही गोष्ट माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

नहेम्याच्या १३ व्या अध्यायाचे भाषांतर करताना ते पत्र मला आठवले. नहेम्या काही काळ बाबेलच्या राजाकडे गेला होता. परत येऊन पाहतो तो मंदिर ओस पडलेले. लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर पळून गेलेले. का? तर त्यांचे वाटे त्यांना मिळाले नव्हते. प्रवासापूर्वीच्या व्यवस्थेत गायकांना रोजचा वाटा नेमून दिलेला होता (१२:४७). तो बंद पडला, आणि माणसे जेथे पोट भरेल तेथे गेली. आता नहेम्या कोणावर रागावतो? गायकांवर नव्हे. देवाची सेवा टाकून नांगर का धरलात, असे तो त्यांना विचारीत नाही. तो अधिकाऱ्यांना धारेवर धरतो, देवाचे मंदिर का सोडून दिले म्हणून. मग गायकांना गोळा करून पुन्हा त्यांच्या जागी उभे करतो आणि कोठारांवर विश्वासू माणसे नेमतो.

हा क्रम ध्यानात घ्या. आमच्या ठरावात तो नेमका उलटा होता. आम्ही अधिकारी होतो, कोठाराच्या किल्ल्या आमच्याकडे होत्या, आणि जाब आम्ही शेतावर गेलेल्याला विचारला.

कोणी म्हणेल, देवाच्या सेवेचे पैसे कशाला? हे म्हणणाऱ्यास मी एवढेच विचारीन की पाळकांचे वेतन, पेटीची दुरुस्ती आणि ध्वनिक्षेपकाचे बिल तुमच्या मंडळीच्या जमाखर्चात आहे की नाही. दाविदाने मंदिरसेवेसाठी जे गायक-वादक नेमले ते २८८ होते व सर्व जण शिकून तयार झालेले होते (१ इति. २५:७). इतके लोक फावल्या वेळात तयार होत नाहीत.

मानेसरच्या त्या गृहस्थांना मी काय सांगितले? त्यांच्या मुलाची समजूत घातली नाही, हे आधी कबूल करतो. मुलाला एवढेच म्हटले की स्वरलिपी शीक. कानाने वाजवणारा तू एकटा नाहीस, आणि वाचता येणाऱ्याला काम अधिक मिळते. डिप्लोमाचा अर्ज भरण्यासही मी त्याला सांगितले. दावीदही शौलाकडून बेथलेहेमास मेंढरे राखावयास जात-येत असे (१ शमु. १७:१५). त्यात त्याला कमीपणा वाटल्याचे कोठे लिहिलेले नाही.

वडिलांशी बोलणे अधिक कठीण गेले. ते कारखान्यात अठरा वर्षे उभे राहिलेले गृहस्थ. त्यांची काळजी अविश्वासातून आलेली नव्हती. मी त्यांना माझ्या पत्राची हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "त्या मुलाचं पुढं काय झालं?"

मला ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षांत मी चौकशी केली नव्हती. त्या रात्री त्यांच्याच घरी बसून मी दुसरे पत्र लिहावयास घेतले. पहिले अर्ध्या तासात झाले होते. हे पहाटेपर्यंत पुरे झाले नाही, आणि त्यात एकही वचन घालण्याचे मला धाडस झाले नाही. परत आल्यावर जुन्या सभासदांकडे पत्ता विचारतो आहे. कोणी म्हणते तो नाशिकला असतो, कोणी म्हणते सुरतेला.

सकाळी गृहस्थांची पहिली पाळी होती. अंधारात ते डबा घेऊन निघाले, दाराशी थांबले आणि झोपलेल्या मुलाच्या उशाशी भिंतीला टेकवलेल्या गिटारकडे पाहून पत्नीस म्हणाले, "त्या तारांचा एक जोड केवढ्याला येतो, विचारून ठेव त्याला."