ताटात काय आहे?

नाशिकला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत गेलो होतो. टेबलावर ग्लास ओळीने मांडलेले. चव घेण्यापुरती, प्रत्येकात दोन-दोन घोट वाइन. पाहुण्यांनी उत्साहाने विचारलं, "यातली सगळ्यात चांगली कुठली?" वाइन ओतणाऱ्या मुलाने हातातली बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "काका, जेवायला काय मागवलंय?" आम्हाला वाटलं, त्याला प्रश्न नीट ऐकू आला नाही. पण त्याने नीट ऐकलं होतं. ताटात काय आहे हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नव्हतं.

मग तो एकेक सांगत गेला. रस्सा झणझणीत असेल तर तुरट लाल वाइन नको, तिखट आणखी झोंबतं. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां बरी, ती जीभ शांत करते. कोथिंबीर वडीसारखं तळलेलं, हिरव्या वासाचं काही असेल, तर सोव्हिन्यॉ ब्लां. तिच्या वासातही हिरवा ताजेपणा असतो आणि आंबटपणामुळे तेलकट चव मागे पडते. लाल शिराझची जोडी सुक्या मटणाशी. मटणाच्या चरबीने तिचा तुरटपणा मऊ होतो. आम्ही तसं करून पाहिलं. मघाशी नुसती प्यायल्यावर घशाशी अडलेली शिराझ मटणाच्या घासानंतर अलगद उतरली. बाटली तीच, ग्लास तोच. बदललं होतं फक्त सोबतचं ताट.

जे ताटाचं, तेच वेलाचंही. या भागात वाइन-उद्योजक राजीव सामंत यांनी १९९७ साली वाइनची द्राक्षं लावली, त्यात हीच शेनिन ब्लां होती. ती मूळची फ्रान्सची. तिकडे वेल कडक थंडीत झोपतो, वसंतात फुटतो, आणि पावसाळी शरद लागायच्या सुमाराला द्राक्षं उतरतात. नाशिकला तो तसा झोपत नाही. म्हणून इथे दोन छाटण्या. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पाऊस ओसरला की गोडी छाटणी. द्राक्षं तयार होतात ती थंडीच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मार्च. तिकडची पद्धत चांगलीच होती. पण इथल्या शेतकऱ्याने आधी इथलं आभाळ पाहिलं आणि मग कात्री हातात घेतली.

आपल्याकडेही माणसांना द्यायला पुष्कळ चांगलं असतं. अनुभवाचा सल्ला, खरा शब्द, मनमोकळी थट्टा. ते घाईने पुढे करताना समोरच्याचं ताट बघायचं तेवढं राहून जातं. रात्रभर आजारी मुलापाशी जागून आलेल्या मैत्रिणीला कामातली चूक सकाळीच दाखवली, तर खरा शब्दही झोंबतो. तोच शब्द दुपारी, चहा झाल्यावर, तिला उपयोगी पडतो. घरी आई वाढायला यायची, तेव्हा तिची नजर आधी ताटावरून फिरायची. भात कोरडा दिसला तर वरण, पोळी नुसती राहिली तर भाजी. हातात काय आहे यापेक्षा ताटात काय उरलंय, हे ती बघायची. आज कामावर पोचलात की पहिल्या भेटणाऱ्या माणसाला काही सांगण्याआधी एवढंच विचारा, "कशी गेली सकाळ?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा. काय वाढायचं, ते मग आपोआप कळेल.