नोबच्या याजकाची साक्ष

शास्त्रपाठ : १ शमुवेल २१:१-९, २२:६-२३



शौल राजा गिबा येथे झाडाखाली बसला आहे. हाती भाला आहे. भोवती चाकर उभे आहेत आणि राजा त्यांच्यावर संतापला आहे की, माझ्याच मुलाने दावीदाशी करार केला तरी तुमच्यापैकी एकानेही मला ते कळवले नाही. अशा वेळी राजाची मर्जी संपादन करू पाहणारा कोणीतरी पुढे येतोच. येथे दवेग अदोमी पुढे आला. त्याने सांगितले की, दावीद नोब येथे अहीमलेख याजकाकडे आलेला मी पाहिला. याजकाने त्याच्यासाठी देवाला प्रश्न केला, त्याला अन्न दिले आणि गल्याथाची तलवारही दिली.

आता आपण नीट पाहू या की दवेग यात खोटे काय बोलला. अन्न दिले हे खरे. तलवार दिली हेही खरे. देवाला प्रश्न केल्याची गोष्ट स्वतः याजकानेही नाकारली नाही. म्हणजे दवेगाच्या साक्षीत एकही शब्द खोटा काढता येत नाही, आणि तरीही त्या साक्षीने एका निरपराध घराण्याचा नाश झाला. असे का व्हावे? एकविसाव्या अध्यायात दवेग त्या दिवशी तेथेच होता असे लिहिले आहे. दावीद एकटा आलेला पाहून याजक थरथर कापत त्याला सामोरा गेला आणि त्याने पहिला प्रश्न हाच केला की तू एकटा का, तुझ्याबरोबर कोणी कसे नाही? त्यावर दावीदाने राजाच्या गुप्त कामाची थाप मारली. हा प्रश्न आणि हे उत्तर, एवढेच दवेगाने गाळले. काय दिले ते सांगितले. काय सांगून घेतले ते सांगितले नाही.

याजकाने स्वतःचा जो बचाव केला तो शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य समजावून सांगावा. त्याने घडलेली गोष्ट नाकारली नाही. दावीद राजाचा जावई आहे, त्याच्या घरात मान असलेला विश्वासू सेवक आहे, त्याच्यासाठी मी देवाला प्रश्न करणे हे काही आजच आरंभलेले नाही, असे त्याने मांडले. आणि शेवटी म्हणाला की या प्रकरणातले लहान-मोठे काहीच तुझ्या दासाला ठाऊक नाही. शौलाने यावर एकही प्रश्न विचारला नाही. थेट मरणाची शिक्षा सुनावली. पहारेकऱ्यांनी याजकांवर हात टाकण्याचे नाकारले (राजापेक्षा त्याच्या शिपायांना अधिक विवेक असावा, हा शास्त्रातला प्रसंग काही एकटाच नव्हे). मग दवेगानेच तागाचे एफोद धारण करणारे ८५ पुरुष मारले आणि नोब नगरातली बायकामुले व गुरेढोरेही तलवारीला बळी पडली.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण आपल्याच शहरात आहे. गौलीगुड्याहून मुसी ओलांडून चारमिनारच्या पलीकडे गेले की शमशेरगंज लागते. तेथील स्टेट बँकेच्या शाखेतील सहा खात्यांविषयी सुमारे ६०० तक्रारी आल्याचे तेलंगणा सायबर सुरक्षा ब्यूरोला आढळले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांना अटक झाली. २०२४ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत त्या खात्यांतून फार मोठ्या रकमा गेल्या होत्या. एकूण आकडा सुमारे १७५ कोटी रुपयांचा सांगण्यात आला. मुख्य सूत्रधार दुबईत असल्याचे पोलिसांनी म्हटले. गरजू माणसांना गाठायचे, थोडे कमिशन देऊ म्हणून त्यांच्या नावाने खाती उघडायची, चेकांवर सह्या घेऊन ठेवायच्या आणि खाते आपल्या ताब्यात घ्यायचे, अशी ही रीत. त्याआधी जुलै २०२३ मध्ये हैदराबाद पोलिसांनी ७१२ कोटींचे जे प्रकरण उघडकीस आणले, त्यातही पैसा असाच दुसऱ्यांच्या खात्यांतून फिरवला गेला होता.

हे कसे चालते ते वडीलधाऱ्यांनाही कळावे म्हणून थोडे सांगतो. दूर कोठेतरी एखाद्या निवृत्त मास्तरांना फोनवरून गुंतवणुकीचे आमिष दाखवतात किंवा खोटा पोलीस बनून धमकावतात. ते पैसे पाठवतात. पैसे येतात ते कोणा तिसऱ्याच्या खात्यात, आणि काही मिनिटांतच तेथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात पसरतात. मास्तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवतात. पोलीस माग काढू लागले की पहिले नाव हाती लागते ते ज्याच्या खात्यात पैसे आले त्याचे. दुबईतल्या माणसाचे नाव त्या कागदावर नसते. बँकेचा उतारा दवेगासारखाच असतो : प्रत्येक ओळ खरी, तारीख खरी, रक्कम खरी. खातेदाराने काय विचारले होते आणि त्याला काय सांगितले गेले होते, याला मात्र त्या उताऱ्यात रकाना नाही.

आमच्या ओळखीच्या एका मंडळीतील एका बहिणीवर असाच प्रसंग आला आहे. ती विधवा आहे, शिवणकाम करते आणि कित्येक वर्षे शब्बाथशाळेचा लहान मुलांचा वर्ग घेते. शेजारी भाड्याने राहणाऱ्या एका मुलाने तिला विनंती केली की, मावशी, माझे खाते कागदपत्रांसाठी अडकले आहे, पगार दोन महिने तुमच्या खात्यात येऊ द्या. तिने विचारले, कोठे काम करतोस? त्याने कंपनीचे ओळखपत्र दाखवले. तिने विचारले, तुझ्या आईच्या खात्यात का नाही? तो म्हणाला, आई गावी असते, तिचे खाते बंद आहे. तिने कार्ड दिले. एक पैसा घेतला नाही. पुढे मुलगा खोली सोडून गेला, आणि एके दिवशी बँकेत शिलाईचे पैसे काढायला गेली तेव्हा तिला कळले की खाते गोठवले आहे. दुसऱ्या राज्यातील पोलिसांची सूचना आली आहे. सूचना इंग्रजीत. घरात बोलणे मराठीत, बाजारात तेलुगू आणि दखनी. इंग्रजी वाचणारे घरी कोणी नाही.

पोलिसांनी तिला बोलावले, चौकशी केली. ते त्यांचे कामच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे दुःख वेगळे आहे. उपासनेनंतर मंडपात कुजबूज सुरू झाली की, काही असल्याशिवाय का पोलीस बोलावतात? मग समितीतल्या काही जणांनी तिला सुचवले की तूर्त वर्ग घेऊ नये, मंडळीच्या नावाला बट्टा लागतो. कोणी तिला विचारले नाही की, बाई, झाले तरी काय? निकदेमाने परूशांना हेच विचारले होते (योहान ७:५१) की, आधी माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आणि तो काय करतो हे समजून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्यावर त्याला, तूही गालीलातलाच काय, असा टोमणा मिळाला. आजही कोणाची बाजू घेणाऱ्याला विचारतात, तुमचा त्यात किती वाटा?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा दुरुपयोग होईल. प्रत्येक खातेदार अहीमलेख नसतो. महिन्याला पाच-दहा हजार कमिशन घेऊन, हा पैसा कोठून येतो हे विचारायचेच नाही असे ठरवून डोळे मिटणाराही असतो. कायदाही हा भेद ओळखतो. चोरीचा माल घेणाऱ्याविषयी जुन्या दंडसंहितेत ४११ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१७ व्या कलमात आले आहे. दोन्हींत कसोटी अशी आहे की माल चोरीचा आहे हे माहीत होते काय, किंवा तसे मानण्यास कारण होते काय. म्हणून केवळ मला ठाऊक नव्हते एवढे म्हणणे पुरे पडत नाही. विचारले होते काय? कोणाला? उत्तर काय मिळाले? मोबदला घेतला काय? कळल्यावर काय केले? अहीमलेखाने विचारले होते. या बहिणीने दोनदा विचारले होते. कळल्यावर ती स्वतः ठाण्यात गेली, त्या मुलाचा क्रमांक आणि त्याचे सारे निरोप तिने पोलिसांना दाखवले.

आणखी एक. नकळत झाले म्हणजे काहीच झाले नाही, असेही पवित्र शास्त्र म्हणत नाही. लेवीय ५:१७ मध्ये नकळत झालेल्या दोषालाही अर्पण सांगितले आहे. प्रभूनेही लूक १२:४८ मध्ये जाणून न करणाऱ्याला थोडे फटके सांगितले, मुळीच नाहीत असे नव्हे. कोठेतरी एका मास्तरांची आयुष्याची पुंजी गेली आहे आणि त्यांचा संताप रास्तच आहे. त्या बहिणीलाही हे समजते. तिच्या खात्यात जी रक्कम अडकून राहिली ती मूळ मालकाला परत जावी, माझी शिलाईची मजुरी तिच्यात मिसळली आहे ती मागाहून पाहू, असे ती म्हणाली. मला वाटते, दोषार्पणाचा अर्थ समितीपेक्षा तिला बरा कळला.

उत्पत्तीच्या ४४ व्या अध्यायात बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. पुरावा बिनतोड आहे. प्याला गोणीतच निघाला. तो त्याने ठेवला नाही, पण ते सिद्ध कसे करणार? भावांनी तर आधीच उतावीळपणे म्हटले होते की ज्याच्याजवळ सापडेल तो मरावा. कारभाऱ्याने त्यांना सोपी वाट दाखवली होती : ज्याच्याजवळ प्याला निघेल तेवढा गुलाम होईल, बाकीचे निर्दोष. अकरापैकी दहा जण त्या दिवशी मोकळे घरी जाऊ शकत होते. हेच भाऊ पूर्वी एकाला विकून घरी गेले होते. या वेळी मात्र प्रत्येकाने आपापले गाढव लादले आणि सगळे नगरात परत आले. मग यहूदा पुढे झाला. बन्यामीन निर्दोष आहे हे सिद्ध करायला त्याच्याजवळ काही नव्हते. त्याने म्हाताऱ्या बापाचे दुःख सांगितले आणि मुलाच्या जागी मला ठेवून घ्या म्हणाला. इतके ऐकल्यावर योसेफाला स्वतःला आवरता आले नाही.

योहान आपल्या पहिल्या पत्रात (२:१) येशू ख्रिस्ताला पित्याजवळ असलेला आपला कैवारी म्हणतो. हा शब्द न्यायाच्या दरबारातला आहे. तो कैवार घेतो ते आपण निर्दोष आहोत म्हणून नव्हे, आपले पाप तर उघडच आहे. दोषी असताना ज्यांचा कैवार घेतला गेला, त्यांनी दोष सिद्ध झाला नसताना आपल्या बहिणीला दूर सारावे, हे कोणत्या सुवार्तेत बसते? आणि हेही ध्यानात घ्या की परूशांशी बोलताना प्रभूने नोबच्या भाकरींचा उल्लेख केला (मत्तय १२:३, ४), पण त्या याजकाला दोष दिला नाही.

मग मंडळीने करायचे काय? प्रार्थना तर करावीच, पण तिच्याबरोबर ठाण्यातही जावे. इंग्रजी वाचता येणाऱ्या एका तरुणाने तो कागद तिला मराठीत समजावून द्यावा. कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्यातून सूचना आली आणि तक्रारीचा क्रमांक काय, हे बँकेला लेखी विचारावे. निरोप, फोनचे क्रमांक, तारखा पुसू नयेत. क्रमवार लिहून ठेवाव्यात. वकिलाची फी नाही म्हणून कोणी गप्प बसू नये : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी मिळकतीची अट नाही, आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. पैसे द्या, खाते मोकळे करून देतो, असे म्हणणारा दलाल दाराशी आला तर त्याला तेथूनच परत पाठवावे. आणि तरुण मुलामुलींना एवढे बजावून सांगावे की आपले पासबुक, कार्ड, सिम, फोनवर येणारा आकडा हे दात घासण्याच्या ब्रशासारखे आहे, मित्रालाही द्यायचे नसते.

तरीही कोणी भोळेपणाने देऊन बसले तर? भोळा मनुष्य प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, असे नीतिसूत्रे १४:१५ मध्ये शलमोन दोष म्हणूनच सांगतो. परंतु आपणच त्या बहिणीला बारा महिने शिकवतो की परक्याला थारा द्या, मागणाऱ्याला द्या. ती त्या शिकवणीप्रमाणे वागली. सापाचे चातुर्य शिकवायचे आपण विसरलो आणि कबुतराचा निष्कपटपणा तेवढा शिकवला. त्याचे बिल तिच्या एकटीच्या नावाने का फाडावे?

नोबच्या कत्तलीतून एकच जण सुटला, अहीमलेखाचा मुलगा अब्यथार. तो पळत दावीदाकडे आला. तेव्हा दावीदाने कोणतीही सबब सांगितली नाही. त्या दिवशी दवेग तेथे होता हे मी पाहिले होते आणि तो शौलाला सांगणार हेही मी ओळखले होते, असे तो म्हणाला. तुझ्या बापाच्या घराण्यातील सर्वांच्या प्राणहानीला मीच कारण झालो, आता भिऊ नकोस, माझ्याजवळ राहा, येथे तू सुरक्षित राहशील. आपल्या शहरात त्या मुलाने येऊन असे काही म्हटलेले नाही. त्याचा फोन बंद आहे.

त्या बहिणीचा वर्ग सध्या दुसरी शिक्षिका घेते. मुले अजून तिच्या दाराशी जाऊन वचने पाठ म्हणून दाखवतात. समितीची पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर आहे.