दार पाण्यावर उघडतं का, ते आधी विचार

चि. राणीस,



ताई-भावोजींच्या लग्नाला येत्या २३ नोव्हेंबरला चाळीस वर्षं पूर्ण होतायत आणि त्यानिमित्त तू त्यांना चार रात्री व्हेनिसला नेणार, तेही पहिल्या प्रतीच्या हॉटेलात, हे वाचून मन भरून आलं. ताईने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी कधी भारीतली साडी घेतली नाही. तिच्यासाठी एवढा पैसा खर्च होतोय तर तो सत्कारणी लागावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू तीन हॉटेलांचे फोटो पाठवलेस. मुरानोच्या काचेची झुंबरं, भिंतींवर रेशमी कापड, छताला सोनेरी नक्षी. तिन्ही सारखीच सुंदर दिसतात आणि त्यावरून काहीही कळत नाही. फोटो बाजूला ठेव. व्हेनिसमध्ये खोलीच्या आधी दाराची चौकशी करायची असते. हॉटेलचं दार कुठे उघडतं? पाण्यावर की गल्लीत? आणि बोटीतून उतरल्यापासून त्या दारापर्यंत पूल किती?

हे शहर शंभराहून जास्त बेटांवर वसलंय आणि त्यात चारशेच्या वर पूल आहेत. मोटारीचा रस्ता पियात्साले रोमाला संपतो, रेल्वे सांता लुचिया स्टेशनला. तिथून पुढे बोट नाहीतर पाय. सायकलसुद्धा चालत नाही. आणि पूल म्हणजे आपल्याकडच्यासारखा सपाट नव्हे. खालून बोटी जायच्या म्हणून तो कमानदार, आणि कमानीवर पायऱ्या. चढायच्या, मग तेवढ्याच उतरायच्या. ताईचे गुडघे डोळ्यांसमोर आण आणि मग नकाशा बघ.

मी आणि तुझे काका गेलो होतो ते ऑक्टोबरात. त्यांच्या बायपासला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलं होतं, सॅन मार्को चौकापासून पाच मिनिटं. नकाशावर ती पाचच होती. बोटीतून उतरल्यावर वाटेत तीन पूल लागले आणि वरून पाऊस. पायऱ्यांच्या कडांना तिथे पांढऱ्या दगडाची पट्टी असते. शेकडो वर्षं पाय पडून ती गुळगुळीत झालेली, आणि पावसात तीच सगळ्यात निसरडी. मी एक बॅग वर नेऊन ठेवायची, दुसरीसाठी परत खाली यायची, आणि काका “दे इकडे, दे इकडे” म्हणत मागे. दुसऱ्या पुलावर ते कठड्याला टेकले ते टेकलेच. चेहरा पांढराफटक. सामान पोचवणारा एक माणूस हातगाडी घेऊन येत होता. त्या गाडीला पुढच्या बाजूला दोन लहान चाकं असतात, ती आधी वरच्या पायरीवर टेकवायची आणि मग मोठी चाकं ओढून घ्यायची, अशी ती एकेक पायरी चढते. त्याने काही न बोलता आमच्या बॅगा गाडीवर ठेवल्या आणि दारापर्यंत आणून दिल्या. पैसे घेतले नाहीत. आणि ती ‘कालव्याकडची’ खोली? खिडकीसमोर हाताच्या अंतरावर भिंत. मान बाहेर काढून डावीकडे वळवली की पाण्याची एक चिंधी दिसायची. काकांना पुन्हा परदेशी जाता आलं नाही. तो दुसरा पूल मला अजून टोचतो, राणी.

आता दाराचं सांगते. तिथले जुने वाडे पाण्याकडे तोंड करून बांधलेत. घराचं खरं पुढचं दार कालव्यावर, गल्लीतलं दार मागचं. माल आणि पाहुणे पाण्यावरून यायचे. आत घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांब दिवाणखाना, त्याला पोर्तेगो म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना खोल्या. अशा वाड्याचं हॉटेल झालेलं असेल आणि पाण्याकडचं दार वापरात असेल, तर विमानतळावरची वॉटर टॅक्सी थेट त्या दाराशी लागते. नोकर हात देऊन उतरवून घेतो, बॅगा उचलतो, आणि ताई एकही पूल न चढता आपल्या खोलीत. टॅक्सीचे शंभर युरोच्या वर जातील. ते दे. या शहरात ऐश म्हणतात ती हीच. मात्र सगळ्याच ‘कालव्यावरच्या’ हॉटेलांना धक्का नसतो. काहींचा कालवा इतका अरुंद आणि त्यावरचे पूल इतके बुटके की भरती चढली तर बोट पुलाखालून जात नाही, आणि हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला तळ उघडा पडतो. तेव्हा हॉटेलला लिहिशील त्या पत्रात स्पष्ट विचार: आमची टॅक्सी तुमच्या दाराशी लागेल का, भरती-ओहोटी कुठलीही असो?

तू पाठवलेल्या तीन नावांचं बोलू. मेस्त्रेचं पहिल्यांदा काढून टाक. मेस्त्रे जमिनीवरचं गाव आहे. स्वस्त, लिफ्ट मोठी, रेल्वेने दहा-बारा मिनिटं. नावात ‘व्हेनिस’ असलेली पुष्कळ हॉटेलं प्रत्यक्षात तिथे असतात. पण चाळीस वर्षांच्या लग्नाचा दिवस रेल्वे फलाटावर उजाडायला नको. शिवाय संध्याकाळी दिवसभराची गर्दी परत गेली की व्हेनिस जे शांत होतं, ते फक्त आत राहणाऱ्याला मिळतं.

दुसरं, सॅन मार्को चौकाच्या मागच्या गल्लीतलं. तुझ्या काकांचीच गोष्ट तिथे पुन्हा होईल. नको.

तिसरं चिप्रियानी. त्याच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. हॅरीज बार सुरू करणाऱ्या जुझेप्पे चिप्रियानींनी ते १९५८ मध्ये जुदेक्का बेटाच्या टोकाला काढलं. बाग आहे, मोठा पोहण्याचा तलाव आहे, आणि हॉटेलची स्वतःची लाँच पाहुण्यांना चौकाकडे ने-आण करते. भावोजींना बाग आवडेल. पण ते हॉटेल हिवाळ्यात बंद असतं आणि तुमचा नोव्हेंबर अखेरीकडे झुकलेला. उन्हाळ्याचा बेत असता तर मी डोळे मिटून तेच सांगितलं असतं.

माझं मत विचारशील तर तुझ्या यादीत नसलेलं एक नाव घे: ग्रिट्टी पॅलेस. पंधराव्या शतकातला वाडा. दोज म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाचा प्रमुख. आंद्रेआ ग्रिट्टी या दोजचं ते घर. हेमिंग्वेही तिथे मुक्कामाला असे. हेमिंग्वेसाठी कुणी जास्त पैसे देऊ नयेत, मी सांगते ते जागेसाठी. हॉटेल थेट ग्रँड कॅनॉलवर आहे, समोर सालूतेचं मोठं घुमटाचं देऊळ, आणि बाजूलाच सांता मारिया देल जिल्यो हा वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचा थांबा. तिथून दारापर्यंत पूल नाही. चौकात चालत जायचं तर वाटेत दोन छोटे पूल आहेत. ताईला तेवढेही नको वाटले तर एक नंबरची बोट पकडायची. महाग आहे, मान्य. म्हणून चारऐवजी तीनच रात्री राहा. रात्र कमी कर, पण खिडकी कमी करू नकोस.

तारखा २० ते २३ नोव्हेंबर धर, कारण २१ ला सालूतेचा सण असतो. १६३० मध्ये शहरात प्लेगची साथ आली, हजारोंनी माणसं गेली. राज्याने नवस बोलला की साथ हटली तर देवमातेचं मंदिर बांधू. बाल्दास्सारे लोंगेना या वास्तुकाराने ते उभं केलं, तेच सालूते. तो नवस लोक अजून फेडतात. दरवर्षी या दिवसांत ग्रँड कॅनॉलवर एक तरंगता पूल घालतात, जिल्योकडून थेट सालूतेपर्यंत, म्हणजे तुमच्या हॉटेलच्या शेजारून. एरवी तिथे पूल नसतो. काका गेल्यानंतर दोन मैत्रिणींबरोबर मी तो दिवस पाहिला. तिथले लोक, आजी नातवंडांना हाताला धरून, मेणबत्ती घेऊन शांतपणे पूल ओलांडत होते. आत हजारो मेणबत्त्यांची ऊब आणि मेणाचा वास. प्रवासी फार थोडे, सगळं गाव मात्र लोटलेलं. मी काकांच्या नावाने एक मेणबत्ती लावली. ताईला तिथे नेशीलच. देवळाच्या पायऱ्या आहेत, सावकाश चढू दे.

नोव्हेंबर म्हटलं की लोक पाण्याची भीती घालतील. ती अगदी खोटी नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं होतं. १९६६ च्या १९४ नंतरचं ते सगळ्यात मोठं. पण ऑक्टोबर २०२० पासून खाजणाच्या तोंडाशी मोझे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे काम करतायत. खाजणात समुद्र शिरायच्या तिन्ही वाटांवर मिळून ७८ पोलादी दरवाजे. एरवी तळाशी पडून असतात, मोठी भरती येणार असली की त्यांत हवा भरून ते उभे करतात. साधारण ११० सेंटीमीटरच्या वरचा अंदाज असेल तेव्हा. त्याखालच्या भरतीला सॅन मार्कोसारख्या सखल जागी घोट्याएवढं पाणी येऊ शकतं. काही तासांत ओसरतं. बऱ्याच जुन्या हॉटेलांत पाहुण्यांसाठी रबरी बूट ठेवलेले असतात, ताईच्या मापाचे आहेत का ते आधी विचारून घे. धुकं मात्र पडेल आणि साडेचारलाच अंधारून येईल. म्हणून बाहेरची कामं सकाळी ठेव. संध्याकाळी खिडकीत बसायचं.

त्या खिडकीसाठीच सगळा खटाटोप. आरक्षण करताना ‘डिलक्स’, ‘सुपीरियर’ या शब्दांना भुलू नकोस. जुन्या वाड्यात दोन खोल्या सारख्या नसतात, एकाच नावाखाली एकीला तीन उंच खिडक्या आणि दुसरीला छपराखालचा झरोका. खोलीचा क्रमांक माग. मजला कुठला, खिडकीतून नेमकं कोणतं पाणी दिसतं, लिफ्टमधून उतरल्यावर किती पायऱ्या, हे लेखी घे. जुन्या वाड्यांत लिफ्ट मागाहून बसवलेली, ती कधीकधी अर्ध्या मजल्यावर थांबते. आणि न्हाणीघर! संगमरवरी टब फोटोत छान दिसतो, पण ताईला त्याच्या काठावरून पाय टाकता येणार नाही. उभ्याने अंघोळ करता येईल असा सपाट शॉवर हवाच.

ग्रँड कॅनॉलकडच्या खोलीत बोटींचा आवाज येतो, हे खरं. थांबा जवळ असला की बोट लागताना तरंगत्या फलाटाचा धप्पकन आवाज, दोरांची कुरकुर. काहींना तो सोसत नाही, ते आतल्या अंगणाकडची खोली घेतात. ताई तर पहाटे साडेचारला उठणारी. तिला त्या वेळी खिडकीत बसव. मी मैत्रिणींबरोबर राहिले ती खोली अशीच होती. अंधारात पहिल्यांदा कचऱ्याची बोट गेली, मग धुतलेल्या चादरींचे पिंजरे रचलेली सपाट बोट. मग भाजीची, फ्लॉवरचे गड्डे पाण्याच्या थेंबांनी चमकणारे. मग एक शीतकपाट एकटंच उभं, दोरीने बांधलेलं, आणि शेजारी सिगारेट ओढणारा माणूस. १९५१ मध्ये या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती, आता पन्नास हजारांहूनही कमी. ती पहाटे कामाला जाताना दिसतात. दहानंतर त्यांना शोधावं लागतं.

जेवणाचं हॉटेलला आठवडाभर आधी कळव. ताईसाठी ‘मांस नाही’ एवढं पुरत नाही. रिसोटो भाजीचा दिसला तरी शिजवायचं पाणी बहुतेक वेळा मांसाचं किंवा माशाचं असतं, घेवड्याच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो. हे सगळं असंच लिहून पाठव. त्या दिवसांत त्रेविझोचा लालबुंद रादिक्यो बाजारात येतो, तो भाजून मक्याच्या पोलेंताबरोबर फार छान लागतो. आणि गोंडोला एकदाच, दिवसा. नगरपालिकेने ठरवलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे, माणशी नव्हे, पूर्ण नावेचा. मोठ्या कालव्यात नको, लहान कालव्यातून फिरवायला सांग.

व्हिसाचं विसरू नकोस. दोघं तुझ्याकडे म्युनिकला तीन आठवडे राहणार आणि इटलीत तीन रात्री, तेव्हा अर्ज जर्मनीकडे करायचा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळतील असंच आरक्षण घे, चार पैसे जास्त पडले तरी.

हॉटेलचं उत्तर आलं की मला लगेच कळव. खोलीचा क्रमांक नसलेलं उत्तर आलं तर पैसे भरू नकोस, पुन्हा लिही.

भावोजींना नमस्कार सांग. ताईला यातलं काही बोलू नकोस.

तुझी,
माई मावशी