मोरीतील चिचुंद्री
(प्रेषितांची कृत्ये १०:९-३५)

दिवे मालवल्यावर मोरीच्या कडेने चिकचिक करीत जाणारी चिचुंद्री आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या वासाचा आपणांस तिटकारा, म्हणून उंदीर समजून तिला विष घालतात. पण ती उंदीर नव्हे. झुरळे, रातकिडे हे तिचे भक्ष्य. म्हणजे ती आपल्याच घराची चाकरी करते. तिला नीट दिसत नाही, म्हणून ती भिंतीच्या आधाराने चालते. पिले एकमेकांस दातांनी धरून आईमागे रांगेने जातात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने रांगणारे प्राणीही पाहिले व ते त्याला चांगले वाटले.

यापो येथे पेत्राने चादरीत असेच प्राणी पाहिले आणि नकार दिला. तीनदा वाणी झाली, तरी त्याला उमज पडेना. कर्नेल्याची माणसे दाराशी आली, तेव्हा कळले की प्रश्न प्राण्यांचा नव्हता, माणसांचा होता.

आपल्या मंडळीत आजही सोयरीक जुळविताना जुनी जात विचारली जात असेल, तर आपण अजून यापोच्या धाब्यावरच बसलो आहोत. बंधूंनो, खाली उतरा. दाराशी कोणी उभा आहे. त्याला आत घ्या. आमेन.