बेल्ट कशात अडकवायचा?

मे अर्धा सरला की सुकापूरला माथेरान रस्त्यालगतच्या इमारतींवर ठोकाठोक सुरू होते. कुठे गच्चीवर पत्र्याची शेड चढत असते, कुठे जुन्या पत्र्यांचे गंजलेले बोल्ट बदलले जात असतात. प्रबळगडावर ढग अडकू लागायच्या आत काम उरकायचं, म्हणून घाई सगळ्यांनाच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीनेही शेडचे पत्रे बदलायचं ठरवलं. कोटेशन आलं, घासाघीस झाली आणि कमिटीतल्या एका अनुभवी गृहस्थांनी ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर मजकूर टाइप करून आणला. काम करताना कामगाराला इजा झाली किंवा तो दगावला, तर सोसायटी जबाबदार राहणार नाही. ठेकेदार त्यांच्याही वरचढ निघाला. अशीच एक चिठ्ठी तो आपल्या पोरांकडून लिहून घेणार होता. सोसायटीने जबाबदारी ठेकेदाराकडे सरकवली, ठेकेदाराने कामगाराकडे. कामगाराच्या खाली मात्र कुणी नव्हतं. तिथे होती पाच मजल्यांची पोकळी.

कामाच्या दिवशी सहीसाठी पुढे आलेला पोरगा जेमतेम विशीचा. कागद त्याने वाचलाच नाही. कोपऱ्यातला कोरा करकरीत सेफ्टी बेल्ट उचलून त्याने विचारलं, "साहेब, सही करतो. पण हा अडकवू कशात?"

आम्ही सगळे वर गेलो. गच्चीवर टाकीचे पाइप होते, डिश अँटेनाचे स्टँड होते, केबलची जाळी होती. बेल्टचा हुक अडकेल आणि पडत्या माणसाचा हिसका सोसेल असं काहीच नव्हतं. पडल्यावर कोण जबाबदार नाही, याचा मसुदा आम्ही दोन बैठका घासून पक्का केला होता. तो पडू नये म्हणून काय करायचं, याची त्यात एक ओळ नव्हती.

त्या चिठ्ठीला कायद्याच्या दारातही फारशी किंमत नव्हती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या १७ व्या कलमाने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की, कामावरच्या अपघाताची भरपाई मागण्याचा हक्क कामगाराने लिहून सोडला, तरी मालकाची जबाबदारी टाळण्यापुरता तो करार रद्दबातल. ज्याची चूल रोजच्या हजेरीवर पेटते, तो कशाखालीही सही करील, हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आपसात लिहिलेल्या कागदाने तो पुसला जात नाही. करार असावा, जरूर असावा. कामगारांचा विमा कोण काढणार, दोर-बेल्ट कोण आणणार, पाऊस आला तर काम कोण थांबवणार, हे त्यात लिहिलेलं असावं.

कौलारू घरं होती तेव्हा कोकणात मृगाआधी घर शाकारून घेत. शाकारणारा वर, कौलं पुरवणारा मधल्या पायरीवर आणि घरधनी खाली शिडी धरून उभा. "वाशावर पाय ठेव रे, कौलावर नको," असं तो खालून ओरडायचा. माणसं तेव्हाही पडत. जुनं ते सगळं सोनं नव्हे. पण ज्याचं छप्पर, त्याचे हात शिडीला असत.

आमचं काम दोन दिवस लांबलं. इंजिनिअरला बोलावलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन टोकांच्या काँक्रीटच्या खांबांना पोलादी दोर बांधून घेतला. मसुदा आणणारे गृहस्थ त्या सकाळी स्वतः गच्चीवर उभे होते. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, म्हणून वर टाकायला लाकडी फळ्याही त्यांनीच आणवल्या.

पोराने बेल्टचा हुक दोराला अडकवला, सगळं अंग मागे टाकून दोनदा हिसका देऊन पाहिला आणि मगच फळीवर पाय ठेवला.

आमच्या कागदाला असा हिसका देऊन पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं.