किरायाचा प्रांत

वऱ्हाडात घरमालक आणि किरायेदार यांचे आजवर जेवढे वाद झाले, त्यांतला सर्वांत मोठा वाद कोणत्याच कोर्टात दाखल झाला नाही. त्यातले 'घर' म्हणजे अमरावती-अकोल्यासकट अख्खे वऱ्हाड. मालक हैदराबादचा निझाम, किरायेदार इंग्रज सरकार. १८५३ साली डलहौसीच्या कारकिर्दीत, हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. मालकी निझामाची राहिली, वहिवाट इंग्रजांची सुरू झाली. पुढे नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निझाम मीर महबूब अली खान यांच्याकडून या मुलखाचा कायमचा पट्टा करून घेतला. वर्षाला २५ लाख रुपये, मुदत नाही आणि भाडेवाढही नाही.

त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्याकडे वऱ्हाड परत मागितले. उत्तर अनुकूल येईना, तेव्हा निःपक्ष चौकशीसाठी आयोग नेमा, असा त्यांचा आग्रह होता. २७ मार्च १९२६ च्या पत्रात रीडिंगने त्यांना सुनावले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही. किरायेदारच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला आणि त्याने मालकाची तक्रार निकालात काढली. १९३६ मध्ये तडजोड झाली. वऱ्हाडावरचे निझामाचे सार्वभौमत्व कागदावर मान्य झाले, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि कारभार मध्य प्रांताच्या जोडीने नागपुरातूनच चालू राहिला.

मालकी एकाकडे, कब्जा दुसऱ्याकडे आणि किराया गोठलेला. अमरावती किंवा अकोल्याच्या कोर्टातली घराची कोणतीही जुनी फाइल उघडली, तर याहून फारसे वेगळे काही हाती लागत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास या शहरांत घरांची मोठी टंचाई होती. महायुद्धाच्या काळात बांधकामे थंडावली होती, आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प ही त्याच काळाची निशाणी. अशा वेळी घरमालकाला मोकळा हात दिला असता तर अर्धे शहर रस्त्यावर आले असते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ चा कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये 'घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश' काढला. वऱ्हाड-नागपूरच्या वकिलांच्या दोन-तीन पिढ्यांनी या आदेशातल्या तेराव्या कलमावर आपली वकिली चालवली.

कलम तेरा सांगायला सोपे होते. रेंट कंट्रोलरच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला किरायेदारी संपवण्याची साधी नोटीसही देता येत नव्हती. रेंट कंट्रोलर म्हणजे महसूल खात्याचा अधिकारी. त्याच्यापुढे मालकाने कारण सिद्ध करायचे: तीन महिन्यांचा किराया थकला, घर परस्पर पोटभाड्याने दिले, उपद्रव केला, मालकाला स्वतःला राहायला घर हवे आहे, घराची दुरुस्ती ते रिकामे केल्याशिवाय होत नाही, वगैरे. परवानगी मिळाली तरी किरायेदार अपिलात जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, तिथून नागपूरला उच्च न्यायालयात. हे सगळे पार पडले की मालकाने मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे नोटीस द्यायची आणि मग दिवाणी न्यायालयात बेदखलीचा दावा लावायचा. म्हणजे पहिली शिडी संपते तिथे दुसरी सुरू. दुसऱ्या शिडीवरही जिल्हा न्यायालय, द्वितीय अपील, आणि पैसा व जिद्द असेल तर दिल्ली.

१९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, भाडे नियंत्रण कायद्याखाली घर रिकामे करून मागताना कलम १०६ ची वेगळी नोटीस लागत नाही. देशभरच्या घरमालकांचा एक टप्पा त्यामुळे वाचला. वऱ्हाडात मात्र आदेशाची सगळी मांडणीच नोटिशीभोवती होती. परवानगी मागायची तीच मुळी नोटीस देण्यासाठी.

नवल असे की, महाराष्ट्र झाल्यावरही या राज्यात भाड्याचे तीन कायदे नांदत होते. पश्चिमेकडे १९४७ चा मुंबई कायदा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९४९ चा आदेश. मलकापूरहून गाडीत बसून भुसावळला उतरले की घरमालकाचे हक्क बदलत. भाषा एक, राज्य एक, विधानसभा एक, पण घर रिकामे करून घेण्याची रीत वेगळी. ही विसंगती मिटायला ३१ मार्च २००० उजाडावा लागला. त्या दिवशी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' अमलात आला. रेंट कंट्रोलरची परवानगी गेली, दावा थेट दिवाणी न्यायाधीशापुढे आला. टंचाईच्या काळापुरता म्हणून काढलेला आदेश तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता.

या आदेशाला सरसकट वाईट ठरवणे अन्यायाचे होईल. त्याने हजारो कारकून, मास्तर, जिनिंगमधले कामगार आणि निर्वासित यांच्या डोक्यावर छप्पर टिकवले. दोष संरक्षणात नव्हता. संरक्षण देताना काळ थांबला आहे असे धरून चालण्यात होता. मुंबई कायद्याखाली जुन्या पातळीवर गोठवलेल्या भाड्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये हेच म्हटले: सुरुवातीला वाजवी असलेली तरतूद काळ गेल्याने अवाजवी ठरली आहे. नव्या अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. ज्या खोलीचा किराया ५० रुपये आहे, तिथे पहिल्या वर्षीची वाढ २ रुपये. एवढ्यात वाड्याचे एक कौलही बदलून होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, किरायेदार दुसऱ्याच्या घरात पैसा घालत नाही, आणि दोघेही पावसाळ्याची वाट पाहतात. मालकाला भिंत पडायला हवी असते, किरायेदाराला ती टिकायला.

हे झाले साध्या भांडणाचे. खरी गुंतागुंत होते ती मालकच कोण, हे ठरत नसते तेव्हा. अमरावतीत अंबागेटच्या आत, जुन्या परकोटातला एक वाडा कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. मूळ मालक वारला. एक मुलगा वाड्यातच, दुसरा पुण्यात, मुलगी अकोल्याला. पुढच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षांपासून किरायेदार. किराया तोंडी ठरलेला, पावत्या कधी दिल्या, कधी नाही. आता धाकटा म्हणतो, किराया मला द्या. थोरला म्हणतो, त्याला दिलात तर मी तो धरणार नाही. बहीण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपला हिस्सा मागते. किरायेदार गोंधळतो, किंवा गोंधळल्याचे दाखवतो, आणि किराया देणेच थांबवतो.

कायद्याची उत्तरे इथे बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळी आहेत. भाडे नियंत्रण कायद्यात 'घरमालक' म्हणजे किराया घेणारा किंवा घेण्याचा हक्क असलेला. तो पूर्ण मालकच असला पाहिजे असे नाही. एकटा सहहिस्सेदारही घर रिकामे करून मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितले आहे. मालकीचा अंतिम निवाडा त्या दाव्यात होत नाही. त्यासाठी भावंडांना वाटणीचा वेगळा दावा लावावा लागतो. दुसरीकडे, ज्याच्याकडून घर घेतले तो त्या वेळी मालकच नव्हता, असे किरायेदाराला म्हणता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ११६ हेच सांगत होते, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२२ झाले आहे. मात्र 'आता आलेला माणूस खरेच त्या मालकाचा वारस आहे का?' असे त्याला विचारता येते. बरीच भांडणे याच फटीतून आत शिरतात.

दुसरी फट इसारचिठ्ठीची. तीन भावंडांपैकी एकाने पैशाच्या अडचणीत किरायेदाराकडूनच इसार घेतला, की किरायेदार कोर्टात सांगतो: मी आता किरायेदार नाही, खरेदीदार म्हणून कब्जात आहे. २४ सप्टेंबर २००१ नंतरचा असा करार नोंदवलेला नसेल, तर त्याच्या आधाराने कब्जाला संरक्षण मिळत नाही. आणि करार पुरा करून मागायचा असेल तर त्याला तीन वर्षांची मुदत आहे. शिवाय एका हिस्सेदाराचा हिस्सा रीतसर विकत घेतला, तरी बाकीच्या घराची किरायेदारी आपोआप विरघळत नाही. तरीही ही चिठ्ठी दाव्यात पाच-सात वर्षांची भर घालू शकते. पुष्कळदा ती त्यासाठीच केलेली असते.

आणि तो सुप्रसिद्ध बारा वर्षांचा समज! 'बारा वर्षे राहिले की घर आपले', ही गोष्ट पानठेल्यावर छातीठोकपणे सांगितली जाते. किरायेदाराचा कब्जा परवानगीचा असतो, शत्रुत्वाचा नाही. तो बारा काय, साठ वर्षे राहिला तरी केवळ राहण्याने मालक होत नाही. तसाच दुसरा समज घरपट्टीच्या पावतीचा. महापालिकेच्या दप्तरात नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. ते कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद असते.

विदर्भातल्या शहरांत आणखी एक पायरी आहे, ती नझूलची. घर तुमचे, पण खालची जमीन सरकारची, पट्ट्याने दिलेली. बहुतेक पट्टे तीस-तीस वर्षांचे, मुदत संपली की नूतनीकरणाची धावपळ. म्हणजे जो स्वतःला घरमालक म्हणवून किरायेदाराला नोटीस पाठवतो, तो त्याच वेळी सरकारचा पट्टेदार असतो, आणि त्याच्याकडे कधी कधी शासनाची थकबाकीची नोटीस येऊन पडलेली असते. वऱ्हाडात किरायेदारांची ही उतरंड वरपर्यंत जाते.

या सगळ्यात खरी किंमत मोजली जाते ती काळात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे १९४९ च्या याच आदेशाखालचे एक प्रकरण आले. घर रिकामे झाल्याची खबर सरकारला न देता ते परस्पर किरायाने दिले, हा ठपका. किरायेदार १९५४ पासून राहत होता आणि कारवाई सुरू झाली ती २२ वर्षांनी. न्यायालयाने म्हटले, मुदत लिहिलेली नसली तरी अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे. २००१ च्या एका निकालातला काळ तर याहून बोलका आहे. उत्तर प्रदेशातल्या एका घरमालकाला डॉक्टर मुलाच्या दवाखान्यासाठी जागा हवी होती. दावा २३ वर्षे चालला, तोवर मुलगा सरकारी वैद्यकीय सेवेत लागला. किरायेदार म्हणाला, आता गरजच उरली नाही. न्यायालयाने ते मानले नाही. गरज मुख्यतः दाव्याच्या तारखेला पाहायची; नाही तर विलंब करणाऱ्यालाच विलंबाचे बक्षीस मिळेल.

डिक्री झाली म्हणजे संपले, असेही नाही. डिक्री मिळाल्यावरच दावेदाराच्या अडचणी सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. दरखास्त, बेलिफ, कुलूप, मध्येच उभा राहणारा 'मी वेगळा किरायेदार' म्हणणारा मेहुणा. दीडशे वर्षांत पात्रे फारशी बदलली नाहीत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असा आदेश द्यावा लागला. त्याआधी २००४ मध्ये त्याच न्यायालयाने एक उपयोगी गोष्ट केली होती: बेदखलीच्या हुकमाविरुद्ध अपील करून स्थगिती हवी असेल, तर किरायेदाराला जुना पन्नास रुपयांचा किराया नव्हे, बाजारभावाने रक्कम भरायला लावता येते. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. विलंबाला किंमत लागली की तडजोडीची भाषा लवकर सुचते.

भाडे कायद्याची चर्चा नेहमी गरीब किरायेदार विरुद्ध श्रीमंत मालक अशी रंगवली जाते. अमरावती-अकोल्यात हे चित्र कितीदा उलटे असते. बाजारपेठेतल्या दुकानाचा किरायेदार कापडाचा ठोक व्यापारी असतो आणि मालकीण वरच्या मजल्यावर राहणारी विधवा. नव्या अधिनियमाने १ कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांचे संरक्षण काढले, ते योग्यच झाले. पण तालुक्या-जिल्ह्यातला सधन किरायेदार त्या चाळणीतून सहज सुटतो. संरक्षण माणसाची ऐपत पाहून द्यायला हवे. जागा कधी घेतली ते पाहून नव्हे.

आणि तरीही नवे करार बहुतेक तोंडीच होतात, किंवा स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचे. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ही अकरा महिन्यांची पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात ती २००० पासून बंद आहे. अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल, तर अटींबाबत किरायेदार सांगेल ते खरे मानले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. प्रत्येक किरायाची लेखी पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. घर किरायाने दिलेल्या वाचकांनी हे दोन कागद पुरे करावेत, आणि किरायाच्या घरात राहणाऱ्यांनी ते मालकाकडे न लाजता मागावेत.